काळाची चाळणी आणि चार्ल्स मकेरास

पाश्चात्त्य अभिजात संगीताबद्दल एक समजूत पक्की बसलेली आहे. जे चांगलं होतं ते टिकलं आणि जे मागे पडलं त्यात काही दम नव्हता, असं लोक धरून चालतात. मोझार्ट, बेथोवन, वॅग्नर, व्हेर्दी ही नावं काळाच्या चाळणीतून वर राहिली आणि बाकीचे खाली गळले. मग गळलेल्यांना उचलून पुन्हा रंगमंचावर आणायचा खटाटोप कशाला? हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण चाळणी आपोआप हलत नसते, ती कुणीतरी हलवावी लागते. कोणत्या रचनेचा स्कोअर छापायचा, कोणता ऑपेरा हंगामात घ्यायचा, कोणत्या गायिकेला कोणत्या भाषेत गायला लावायचं, कोणाची शिफारस मानायची आणि कोणाची कपाटात ठेवून द्यायची, हे सगळं माणसं ठरवतात. त्या माणसांचे राग-लोभ असतात, अडचणी असतात आणि अज्ञानही असतं. मागे पडलेल्या संगीताचा कैवार घेणारा कंडक्टर काळाच्या निकालाविरुद्ध भांडत नसतो. अनेकदा निकाल मुळात लागलेलाच नव्हता, एवढं तो दाखवून देतो. चार्ल्स मकेरास या ऑस्ट्रेलियन कंडक्टरची सहा दशकांची कारकीर्द हा या म्हणण्याचा मला दिसलेला सर्वांत ठाम पुरावा आहे.

आधी कंडक्टरच्या कामाविषयी थोडं सांगायला हवं. कंडक्टर म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता येतात. हातात बारीक काठी, समोर शंभरेक वादक आणि त्यांना आवरून धरणारी देहबोली. हे चित्र खरं असलं तरी ते फक्त संध्याकाळचं आहे. कामाचा मोठा भाग त्याआधी टेबलाशी होतो. आपल्याकडे एखादी जुनी बंदिश विस्मरणात गेली असली, तरी ती येणारा एक बुजुर्ग आणि शिकणारा एक शिष्य एवढ्यावर ती पुन्हा मैफलीत येऊ शकते. ऑपेराचं तसं नसतं. कागदावरचा ऑपेरा उभा करायचा तर सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेला शुद्ध स्कोअर लागतो. त्यातून प्रत्येक वादकासाठी वेगळा काढलेला पार्ट लागतो. कोरस, मुख्य भूमिकांचे गायक, नेपथ्य, अनुवाद आणि महागड्या तालमींचे तास लागतात. पार्टमध्ये एक स्वर चुकीचा छापलेला असेल तर तालीम थांबते आणि ऐंशी माणसांचा वेळ जातो. रोजच्या पठडीतल्या ऑपेरांच्या अशा चुका पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत आलेल्या असतात. अपरिचित रचनेला तो लाभ मिळालेला नसतो. ती पहिल्यांदा वाजते तेव्हा बहुधा वाईटच वाजते, आणि ऐकणारा तो दोष रचनेच्या माथी मारतो. अशा रचनेची खरी परीक्षा दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या प्रयोगात होते. ते प्रयोग होऊ द्यायचे की नाहीत, हा कोणाचा तरी निर्णय असतो.

मकेरास यांनी ज्याच्यासाठी आयुष्य वेचलं तो संगीतकार म्हणजे लेओश यानाचेक. १८५४ साली चेक मुलखातल्या मोराव्हिया प्रांतात हुक्वाल्डी या खेड्यात त्याचा जन्म झाला आणि बहुतेक आयुष्य बर्नो शहरात गेलं. चेक संगीताची राजधानी प्राग होती, बर्नो हे तिच्या तुलनेत आडगाव. यानाचेकचा 'येनूफा' हा ऑपेरा २१ जानेवारी १९०४ रोजी बर्नोच्या छोट्या नाट्यगृहात झाला आणि तिथे गाजला. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने मात्र तो घ्यायला नकार दिला. तिथला प्रमुख कंडक्टर कारेल कोवार्झोविच स्वतः ऑपेरा लिहीत असे, आणि त्याच्या एका ऑपेरावर यानाचेकने पूर्वी जहरी टीका केलेली होती. नकारामागे हा एकच डंख होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. यानाचेकची शैलीही त्या काळच्या कानांना ओबडधोबड वाटत होती. पण बारा वर्षं दार बंद राहिलं हे खरं, आणि २६ मे १९१६ रोजी ते उघडलं तेही कोवार्झोविचने वाद्ययोजनेत स्वतःच्या हाताने बदल करण्याच्या अटीवर. तेव्हा यानाचेक एकसष्ट वर्षांचा होता. पुढे लेखक माक्स ब्रोडने जर्मन अनुवाद केला, १९१८ मध्ये व्हिएन्नात प्रयोग झाला आणि १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातही. त्यानंतर मेट्रोपॉलिटनने 'येनूफा' पुन्हा केव्हा केला? १९७४ मध्ये. मधल्या पन्नास वर्षांत खुद्द त्या ऑपेरात तर काहीही बदललं नव्हतं.

यानाचेकच्या संगीतात वेगळं काय होतं हे समजलं, की तो मागे का पडला हेही समजतं. तो माणसांचं बोलणं स्वरलिपीत टिपून ठेवायचा. बाजारातली बाई भाव कसा सांगते, फलाटावरचा माणूस निरोप देताना कुठे आवाज चढवतो, पोर रडून झाल्यावर कसं बोलतं, हे तो खिशातल्या वहीत पाच रेघांवर उतरवायचा. १९०३ मध्ये त्याची तरुण मुलगी ओल्गा मरणाच्या दारात होती, तेव्हा तिचे अखेरचे उद्गारही त्याने असेच टिपून ठेवले. 'येनूफा' त्याने तिच्या स्मृतीला अर्पण केला. १९२१ साली रवींद्रनाथ ठाकूर प्रागला आले तेव्हा त्यांच्या व्याख्यानाला यानाचेक हजर होता. बंगाली बोलण्याचा एक शब्दही कळत नसताना त्यातल्या सुरावटीवर त्याने लेख लिहिला, आणि पुढच्या वर्षी ठाकुरांच्या एका कवितेवर पुरुषकोरससाठी रचना केली. असा कान असलेल्या माणसाच्या ऑपेरात लांबलचक, गुणगुणत घरी नेता येतील अशी गाणी मिळत नाहीत. छोटे छोटे स्वरतुकडे येतात, आदळतात, उलटतात आणि तुटतात, जशी घरातली भांडणं आणि कबुल्या तुटत जातात. इटालियन ऑपेरावर वाढलेल्या श्रोत्याला हे ऐकायला थोडी सवय लागते. आणि सवय व्हायची तर ते संगीत कानावर पडावं लागतं.

आता मकेरास यांच्याकडे वळू. १९२५ मध्ये अमेरिकेत, ऑस्ट्रेलियन आई-वडिलांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. ते लहानाचे मोठे सिडनीत झाले, आणि विशीही उलटली नव्हती तेव्हा ते सिडनी सिंफनीत ओबो वाजवत होते. १९४७ मध्ये ते लंडनला आले आणि सॅडलर्स वेल्स या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात त्यांना जागा मिळाली. लंडनच्या एका कॉफीघरात ते चेक संगीतकार ड्वोर्झाकचा स्कोअर वाचत बसले असताना शेजारच्या टेबलावरच्या एका चेक माणसाने तो पाहिला, बोलणं सुरू केलं आणि प्रागला जाऊन शिकण्यासाठी ब्रिटिश कौन्सिलची शिष्यवृत्ती मिळते हे त्यांना सांगितलं. त्या शिष्यवृत्तीवर मकेरास प्रागला गेले, व्हाट्स्लाव्ह तालिख या थोर कंडक्टरच्या हाताखाली शिकले, चेक भाषा शिकले आणि तालिखच्या संचालनाखाली यानाचेकचा 'कात्या कबानोवा' पाहून भारावून गेले. काळाच्या चाळणीवर विश्वास असणाऱ्यांनी हा प्रसंग जरा थांबून पाहावा. शेजारचं टेबल त्या दिवशी रिकामं असतं तर? वर्षभराच्या आत, फेब्रुवारी १९४८ मध्ये, चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता काबीज केली आणि तालिखना राष्ट्रीय नाट्यगृहातून दूर करण्यात आलं. नव्या राजवटीत शिक्षण आणि संस्कृतीची सूत्रं ज्यांच्या हाती आली त्या झ्देन्येक नेयेदली यांनी संगीतसमीक्षक म्हणून १९१६ सालीच 'येनूफा'वर कडाडून टीका केलेली होती. एका समीक्षकाचं मत मंत्र्याच्या खुर्चीवर जाऊन बसतं तेव्हा त्याला काळाचा कौल म्हणता येईल का?

लंडनला परतल्यावर मकेरास यांनी सॅडलर्स वेल्सचे प्रमुख नॉर्मन टकर यांच्याकडे 'कात्या'चा पाठपुरावा केला. टकर यांनी स्वतः इंग्रजी अनुवाद केला आणि १० एप्रिल १९५१ रोजी ब्रिटनमध्ये यानाचेकचा पहिला ऑपेरा रंगमंचावर आला. १९२६ साली, सार्वत्रिक संपाच्या दिवसांत, खुद्द यानाचेक लंडनला येऊन गेला होता. त्यानंतर पाव शतक लोटलं तरी ब्रिटनमध्ये त्याचा एकही ऑपेरा रंगमंचावर झालेला नव्हता. पंचवीस वर्षांच्या या नवख्या कंडक्टरने उभा केलेला प्रयोग एका रात्रीत गाजला असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. समीक्षकांत दोन तट पडले आणि खुर्च्या काही भरभरून गेल्या नाहीत. कात्याची गोष्ट आपल्या वाचकाला परकी वाटणार नाही. व्होल्गाकाठच्या गावात, सासूच्या जाचात घुसमटलेली एक तरुण सून, एक चोरटं प्रेम, जाहीर कबुली आणि शेवटी नदी. मराठी प्रेक्षकाला अशी कथा तोंडपाठ असते. लंडनच्या प्रेक्षकालाही कथेची अडचण नव्हती. अडचण होती ती गाण्याने गाण्यासारखं न वागण्याची, आणि ती एका प्रयोगाने सुटणारी नव्हतीच.

मकेरास यांचं मोठेपण इथून पुढे दिसतं. एक अपरिचित ऑपेरा करून पाठ थोपटून घेणारे कंडक्टर पुष्कळ असतात. परत परत त्याच संगीतकाराकडे जाणारा विरळा. १९६४ मध्ये त्यांनी सॅडलर्स वेल्समध्येच 'माक्रोपुलोस प्रकरण'चा पहिला ब्रिटिश प्रयोग केला. १९७० ते १९७७ या काळात ते या संस्थेचे संगीत-संचालक होते. हीच संस्था १९७४ पासून इंग्लिश नॅशनल ऑपेरा या नावाने ओळखली जाऊ लागली. १९७६ मध्ये डेक्का कंपनीने त्यांच्या हाती व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा जगातला बहुधा सर्वांत प्रतिष्ठित वाद्यवृंद दिला आणि 'कात्या'चं ध्वनिमुद्रण मूळ चेक भाषेत झालं. मुख्य भूमिकेत स्वीडिश गायिका एलिझाबेथ सॉडरस्ट्रॉम होती. ग्रामोफोन मासिकाने १९७७ मध्ये त्याला वर्षातलं सर्वोत्तम ध्वनिमुद्रण ठरवलं. पाठोपाठ 'माक्रोपुलोस', 'मृतांच्या घरातून', 'धूर्त कोल्हीण' आणि १९८२ मध्ये 'येनूफा' अशी एकूण पाच ऑपेरांची मालिका पुरी झाली. आता कोणत्याही देशातल्या कंडक्टरला, नाट्यगृहाच्या प्रमुखाला किंवा हौशी श्रोत्याला हे संगीत नीट वाजलं तर कसं लागतं हे घरबसल्या ऐकता येत होतं. आज यानाचेकचे प्रमुख ऑपेरा जगभरच्या नाट्यगृहांत नेमाने होतात. त्यामागे ही पंचवीस-तीस वर्षांची सलग मशागत आहे.

या मशागतीचा सर्वांत कमी दिसणारा भाग हस्तलिखितांचा होता, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यानाचेक उतारवयात छापील रेघांचा कागद वापरत नसे. कोऱ्या कागदावर तो हातानेच, जिथे ज्या वाद्याला काही वाजवायचं असेल तिथेच, पाच रेघा ओढायचा. छापील कागदावर रिकाम्या ओळी दिसल्या की त्या भरून काढायचा मोह होतो, तो टाळण्याची ही युक्ती होती. त्यामुळे त्याची वाद्ययोजना मुद्दाम विरळ राहिली. 'मृतांच्या घरातून'मध्ये कितीतरी ठिकाणी वर टोकाला पिकोलोची किंकाळी, खाली तळाला ट्रॉम्बोनची गुरगुर आणि मधे जवळजवळ काहीच नाही. विषय आहे दोस्तोयेव्हस्कीने वर्णन केलेला सायबेरियातला तुरुंग. तालवाद्यांमध्ये बेड्यांच्या साखळ्यांचा आवाजही घातलेला आहे. ऑगस्ट १९२८ मध्ये यानाचेक वारला आणि १९३० च्या पहिल्या प्रयोगासाठी त्याच्या शिष्यांनी स्कोअर हाती घेतला. त्यांना वाटलं, गुरुजींचं काम अर्धवट राहिलंय. म्हणून मधली पोकळी त्यांनी वाद्यांनी भरून टाकली. शेवटही बदलला. मूळ शेवटात क्षणभर स्वातंत्र्याचा उच्चार होतो आणि लगेच पहारेकरी कैद्यांना कामावर हाकलतात. त्याऐवजी स्वातंत्र्याचा जयघोष करणारा कोरस आला. मकेरास आणि ब्रिटिश संगीत-अभ्यासक जॉन टिरल यांनी हस्तलिखित आणि नक्कलकारांच्या प्रती ताडून पाहिल्या, शिष्यांची भर बाजूला केली आणि डेक्काच्या ध्वनिमुद्रणात ऑपेरा पुन्हा त्याच्या बोचऱ्या, उघड्या रूपात वाजला. ती पोकळी हीच यानाचेकची कल्पना होती. तुरुंगाच्या संगीताला गुबगुबीत गादी घातली की त्यातला तुरुंग निघून जातो.

इथे एक भक्कम आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही. कोवार्झोविचने 'येनूफा'त फेरफार केले नसते तर प्रागने तो घेतला असता का? प्रागने घेतला नसता तर तो व्हिएन्नाला, बर्लिनला, न्यूयॉर्कला पोचला असता का? म्हणजे ज्या दुरुस्त्या मकेरास यांनी काढून टाकल्या त्यांच्याच आधारावर यानाचेक जगापुढे आला. मग मूळ संहितेचा हा आग्रह म्हणजे ज्या शिडीने वर चढलो तीच ढकलून देण्यासारखं नाही का? या आक्षेपातली माहिती सगळी खरी आहे. कोवार्झोविच काही खलनायक नव्हता. तो कसबी माणूस होता आणि १९१६ च्या प्रेक्षकाला ओळखीचा वाटेल असा गोलसर नाद त्याने 'येनूफा'ला दिला. शेवटच्या प्रसंगात पितळी वाद्यांची भर घालून त्याने तो भव्य केला. पण एखादा उपाय एका काळी उपयोगी पडला म्हणून तो कायमचा योग्य ठरत नाही. १९१६ मध्ये तो गोलसर नाद प्रवेशपत्रासारखा होता, १९८० मध्ये तोच अडथळा झाला होता. तोवर कान बदलले होते, बार्टोक आणि स्ट्रॅव्हिन्स्की यांच्यासारखे आधुनिक संगीतकार पचले होते. आता यानाचेकचा मूळ खडबडीतपणा ऐकायला लोक तयार होते, पण छापील स्कोअर अजून कोवार्झोविचचाच होता. यावर मकेरास यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९८२ च्या ध्वनिमुद्रणात ऑपेरा त्यांनी बर्नोच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे वाजवला आणि शेवटी पुरवणी म्हणून कोवार्झोविचचा शेवटही जोडला. दोन्ही ऐका आणि तुम्हीच ठरवा. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने पुरावा श्रोत्यापुढे असा उघडा ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. टिरल यांच्यासोबत सिद्ध केलेली ही आवृत्ती पुढे १९९६ मध्ये व्हिएन्नाच्या उनिव्हर्साल एडिट्सिओनने प्रसिद्ध केली आणि दुसऱ्या कंडक्टरांनाही ती खुली झाली.

दुसरा आक्षेप श्रेयाचा. सगळं मकेरास यांनी एकट्याने केलं का? मुळीच नाही. माक्स ब्रोड नसता तर जर्मन रंगभूमीला यानाचेक कळला नसता. 'येनूफा'चा पहिला ब्रिटिश रंगप्रयोग १९५६ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात कंडक्टर रफाएल कुबेलिक यांनी केला. बर्नोत तर ही परंपरा कधी तुटलीच नव्हती, तिथले कंडक्टर आणि गायक ती वर्षानुवर्षं राखत आले होते. हे मान्य केल्याने माझं म्हणणं दुबळं होत नाही, उलट पक्कं होतं. एका संगीतकाराला विस्मरणातून काढायला अनुवादक, अभ्यासक, प्रकाशक, गायक आणि निधी देणारी संस्था यांची साखळी लागते, आणि ती साखळी काळाच्या नव्हे, माणसांच्या हातांनी जोडली जाते. कंडक्टर हा त्यातला एक दुवा आहे. पण कागदावरचं संशोधन आणि संध्याकाळचा प्रयोग यांना जोडणारा तोच एक आहे. टिरल यांचं संशोधन ग्रंथालयात पडून राहिलं असतं. मकेरास हातात काठी घेऊन उभे होते म्हणून ते व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या वादकांपुढच्या स्टँडवर पोचलं.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि नाट्यगृह चालवणाऱ्याच्या तोंडी तो नेहमी असतो. अपरिचित रचनांना गर्दी होत नाही, तालमी जास्त लागतात, आणि हा तोटा शेवटी करदात्याने किंवा देणगीदाराने सोसायचा असतो. लोकांना जे ऐकायचंय ते का देऊ नये? मकेरास यांनी या प्रश्नाला भाषणाने नव्हे, कामाने उत्तर दिलं. 'कात्या'च्या आधी जेमतेम महिनाभर, मार्च १९५१ मध्ये, त्यांचं दुसरं एक काम त्याच नाट्यगृहात रंगमंचावर आलं होतं. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या लोकप्रिय संगीतिकांमधल्या चालींची गुंफण करून त्यांनी 'पायनॅपल पोल' हा बॅले सिद्ध केला. सलिव्हनच्या संगीताचा स्वामित्वहक्क नुकताच संपला होता, जॉन क्रँकोने नृत्य बसवलं आणि बॅले तुफान चालला. त्यांचं नाव तेव्हा झालं ते यानाचेकमुळे नव्हे, 'पोल'मुळे. पुढची सगळी वर्षं ते मोझार्ट, हँडेल, व्हेर्दी आणि सलिव्हन हे सगळं आनंदाने वाजवत राहिले आणि त्या जमेवर यानाचेकचा खर्च भागवत राहिले. आवडता संगीतकार हा एककल्ली हट्ट होऊ नये, तो रोजच्या पाहुण्यांमध्ये बसवावा, ही त्यांची रीत होती. आणि गर्दीचा मुद्दा नुसत्या पहिल्या वर्षाच्या हिशेबाने सुटत नाही. १९५१ च्या जमाखर्चात 'कात्या' तोट्यात गेली असेल. आज तीच 'कात्या' बड्या नाट्यगृहांच्या हंगामात नेहमीची झाली आहे. लोकांना जे ऐकायचंय ते द्या, असं म्हणताना लोकांनी अजून न ऐकलेल्या गोष्टीविषयी त्यांची आवड गृहीत धरलेली असते.

मग प्रत्येक धूळ खात पडलेला स्कोअर हिरा असतो का? नाही, आणि मकेरास यांच्याच कारकिर्दीत याचं चांगलं उदाहरण आहे. सलिव्हनने १८६६ मध्ये एक चेलो कॉन्सर्टो लिहिला होता. मकेरास यांनी तो १९५३ मध्ये एकदा वाजवला. १९६४ मध्ये चॅपेल या प्रकाशकाच्या इमारतीला आग लागली आणि स्कोअर व पार्ट जळून गेले. उरला तो फक्त एकट्या चेलोचा पार्ट. मकेरास यांनी डेव्हिड मॅकी यांच्या मदतीने, त्या पार्टवरून आणि तीस वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगाच्या आठवणीवरून, सगळा वाद्यवृंद पुन्हा लिहून काढला आणि १९८६ मध्ये लंडनला चेलोवादक ज्युलियन लॉइड वेबर यांनी तो वाजवला. स्मरणशक्तीचा हा पराक्रम थक्क करणारा आहे. कॉन्सर्टो मात्र गोड आहे, बेताचा आहे आणि जगाच्या नित्याच्या कार्यक्रमांत त्याला फारशी जागा मिळालेली नाही. चेक संगीतकार मार्टिनूच्या 'ग्रीक पॅशन' या ऑपेराचं १९८१ मध्ये त्यांनी बर्नोच्या वाद्यवृंदाबरोबर उत्तम ध्वनिमुद्रण केलं, पण मार्टिनूचे ऑपेरा यानाचेकइतके रुळले नाहीत. कैवार घेतला की यश येतंच असं नाही. पण सलिव्हनचा कॉन्सर्टो बेताचा आहे हे आज आपण ऐकून म्हणू शकतो. जळालेल्या कागदाबद्दल आपल्याला काहीच म्हणता आलं नसतं.

आणखी एक गोष्ट. कमी परिचित हा शब्द फक्त अनोळखी नावांना लागू पडतो असं नाही. अतिपरिचित रचनाही आतून अपरिचित असू शकतात. हँडेलचं 'रॉयल फायरवर्क्स'साठीचं संगीत १७४९ मध्ये लंडनच्या उघड्या बागेत आतषबाजीसाठी वाजलं ते मुख्यतः फुंकवाद्यांच्या प्रचंड ताफ्यावर. नंतरच्या काळात लोक ते तंतुवाद्यांच्या मऊ आवाजात ऐकत आले. १९५९ मध्ये, हँडेलच्या दोनशेव्या पुण्यतिथीच्या रात्री, मकेरास यांनी ते मूळच्या मांडणीत ध्वनिमुद्रित केलं. त्यासाठी सव्वीस ओबोवादक एकत्र लागत होते. लंडनमधले एवढे चांगले ओबोवादक एकाच वेळी मोकळे सापडतात ते सगळ्या मैफली आणि ऑपेरा संपल्यावरच, म्हणून काम रात्री अकराच्या सुमारास सुरू झालं आणि मध्यरात्रीनंतर चाललं. स्वतः ओबो वाजवून पुढे आलेल्या माणसाच्याच डोक्यात ही कल्पना यायची! जुन्या रचना त्यांच्या काळच्या वाद्यमांडणीत वाजवण्याची चळवळ पुढच्या दोन दशकांत फोफावली, तेव्हा हे ध्वनिमुद्रण तिच्या अगदी आरंभीच्या पावलांमध्ये गणलं गेलं. १९६५ मध्ये मोझार्टच्या 'फिगारोचं लग्न'मध्ये गायकांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे स्वरांना अलंकार द्यावेत असा आग्रह त्यांनी धरला, तोही याच वृत्तीतून. रचना गाजलेली आहे म्हणून ती आपल्याला माहीत आहे, असं ते कधी धरून चालले नाहीत.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड आहे. निवड काळ करत नाही, माणसं करतात, असं म्हटलं तर कैवारी कंडक्टर हादेखील एक निवडणाराच झाला. कोवार्झोविचने दार बंद केलं, मकेरास यांनी उघडलं. दोघांच्या हातातली सत्ता एकच आणि आवड मात्र आपापली. यानाचेकला मकेरास भेटले म्हणून तो वर आला. ज्याला असा कोणी भेटला नाही त्याचं काय? हे खरंच आहे आणि याला समाधानकारक उत्तर नाही. प्रत्येक वाद्यवृंदाने, प्रत्येक नाट्यगृहाने आपल्या हंगामात एक-दोन अपरिचित रचना घेत राहावं आणि घेतलेली रचना एका प्रयोगानंतर टाकून देऊ नये, म्हणजे निवडणारे हात तरी अनेक होतील. यापलीकडचा उपाय मला दिसत नाही. पण कोवार्झोविच आणि मकेरास यांच्या सत्तेत एक फरक नक्की आहे. पहिल्याने आपले बदल रचनेतच मिसळून टाकले, त्यामुळे पुढच्या पिढ्यांना मूळ काय आणि भर कोणती हे कळेनासं झालं. दुसऱ्याने आपल्या निर्णयांमागचे कागद पुढच्यांच्या हाती दिले, म्हणजे उद्या कोणाला मकेरास चुकीचे वाटले तर ते खोडून काढण्याचं साधनही त्याच्याकडे राहील.

तसं घडलंही. मार्च २०१० मध्ये कॉव्हेंट गार्डनला 'धूर्त कोल्हीण' आणि जूनमध्ये ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरा महोत्सवात मोझार्टचा 'कोझी फान तुत्ते' वाजवून मकेरास १४ जुलै २०१० रोजी लंडनमध्ये वारले. टिरल थांबले नाहीत. 'मृतांच्या घरातून'चा स्कोअर त्यांनी पुन्हा उघडला, मकेरास यांच्याबरोबर पूर्वी केलेलं काम नव्याने तपासलं आणि चिकित्सक आवृत्ती तयार केली. २०१७ मध्ये वेल्श नॅशनल ऑपेराने, जिथे मकेरास कधी काळी संगीत-संचालक होते तिथे, त्या आवृत्तीवर प्रयोग केला. काठी तोमाश हानुस यांच्या हातात होती. हानुस हे बर्नोचे.